पंप बदलूनही स्टीअरिंगची घरघर परत येते तेव्हा: पॉवर स्टीअरिंग पंप पुन्हा बसवताना काय तपासावे

घरी गाडीची दुरुस्ती करणाऱ्यांकडून पॉवर स्टीअरिंगच्या बाबतीत एक तक्रार वारंवार ऐकू येते. जुना पंप घरघर करत होता म्हणून नवा किंवा दुरुस्त केलेला पंप आणला, तो बसवला, ऑइल भरले, काही दिवस बरे गेले आणि मग तोच आवाज पुन्हा सुरू झाला. पंपच खराब निघाला असे ठरवून तो परत केला जातो, दुसरा आणला जातो, आणि थोड्या दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असे एकदा घडले तर पंपात दोष असू शकतो. पण दुसऱ्या पंपाचीही तीच गत झाली, तर दोष बहुधा पंपाच्या बाहेर, म्हणजे त्याला ऑइल पुरवणाऱ्या नळीत, टाकीत, पुलीत किंवा हवा काढण्याच्या पद्धतीत असतो. तो सापडेपर्यंत तिसऱ्या पंपावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे सारे विवेचन हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टीअरिंगपुरते आहे. ज्या गाड्यांत स्टीअरिंगला विजेची मोटर थेट मदत करते त्यांत हा पंप आणि हे ऑइल नसतेच, त्यामुळे बॉनेट उघडून पट्ट्यावर चालणारा पंप आणि ऑइलची छोटी टाकी आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

पंपाचे काम समजले की दोष शोधणे पुष्कळ सोपे होते. बहुतेक गाड्यांतला हा पंप पात्यांचा असतो. पट्ट्यावर फिरणाऱ्या रोटरला खाचा असतात, त्या खाचांत धातूची पातळ पाती आत-बाहेर सरकतात, आणि लंबगोल कड्याच्या आतल्या अंगाला घासत ती एका बाजूने ऑइल ओढून दुसऱ्या बाजूने दाबाने पुढे ढकलतात. गाडी सरळ चालत असताना हा दाब अगदी थोडा असतो. स्टीअरिंग एका टोकाला नेऊन धरले की तो अनेक गाड्यांत ७० ते १०० बारच्या आसपास पोहोचतो. इतक्या दाबाखाली पाती आणि कडे यांच्यामध्ये असतो तो फक्त ऑइलचा पातळ थर. पंपाला वेगळे वंगण नसते, त्यामुळे त्या ऑइलात हवेचे बुडबुडे मिसळले किंवा धातूची बारीक भुकटी आली, तर नवाकोरा पंपही भराभर झिजतो.

आधी आवाज ओळखावा

स्टीअरिंग वळवताना चिरका, किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा पट्ट्याचा असतो. इंजिन सुरू ठेवून, हात आणि कपडे फिरत्या भागांपासून दूर ठेवून, पट्ट्याच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर फवाऱ्याने थोडे पाणी मारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत असा संशय घ्यावा. पाणी पडताच आवाज वाढला तर पट्टा सैल आहे आणि घसरतो आहे. या दोन्ही परिस्थितींत पंपाला हात लावण्याचे कारण नाही.

घरघर किंवा गुरगुर, जी इंजिनाच्या वेगाबरोबर चढते आणि स्टीअरिंग वळवताना अधिक जाणवते, ती मात्र पंपाला पुरेसे ऑइल मिळत नसल्याची किंवा ऑइलात हवा असल्याची खूण आहे. सकाळी गाडी थंड असताना ती मोठी आणि थोड्या वेळाने कमी होत असेल, तर शोषणाच्या बाजूला कुठे तरी अडथळा आहे, असा तर्क करायला हरकत नाही, कारण थंड ऑइल दाट असते आणि अरुंद वाटेतून ओढताना पंपाची दमछाक होते. स्टीअरिंग अगदी टोकाला टेकल्यावर येणारी हलकी सळसळ तेवढी वेगळी काढावी. तेथे दाब सोडणारी झडप उघडते आणि तो आवाज निरोगी गाडीतही येतो.

आवाजानंतर टाकीत डोकावावे. ऑइल दुधाळ किंवा फेसाळ दिसत असेल तर हवा आत जाते आहे. ते काळपट असून जळका वास येत असेल तर ते फार जुने आहे. बोटांत चोळून उजेडात धरल्यावर चमचमणारे कण दिसले तर आधीच्या पंपाची झीज अजून नळ्यांतून फिरते आहे. चुंबकाला काही चिकटले नाही एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये, कारण ॲल्युमिनिअमचे कण चुंबकाला चिकटत नाहीत.

हवा आत येते, पण ऑइल बाहेर गळत नाही

वारंवार पंप बदलणारे बहुतेक जण इथेच फसतात. टाकीपासून पंपापर्यंतची नळी शोषणाची असते, आणि पंप चालू असताना तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. त्यामुळे तिच्या जोडणीत बारीक फट असली तर इंजिन चालू असताना ऑइल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. भोक पडलेल्या नळीने सरबत ओढताना तोंडात निम्मी हवाच यावी, तसेच हे आहे. इंजिन बंद असतानाही फट पुरेशी बारीक असेल तर ऑइल ठिबकत नाही. गाडीखाली डाग नाही, टाकीतली पातळी फारशी उतरत नाही, म्हणून नळीवर कोणाचा संशय जात नाही आणि दोषी पंप ठरतो.

या नळीकडे बारकाईने पाहावे. ती दोन्ही टोकांना काढून तोंडाच्या कडा उजेडात हलकेच वाकवून बघाव्यात. बाहेरून काळी तुकतुकीत दिसणारी नळी आतल्या अंगाला, नेमकी क्लॅम्पखाली, उभी भेगाळलेली असते, आणि ती भेग कड वाकवल्यावरच उघडते. नळी पुरेशी लांब असेल तर टोकाचा सेंटीमीटरभर भाग धारदार पात्याने सरळ कापून टाकता येतो, पण रबर कडक झाले असेल तर नळीच बदलावी, आणि ती ऑइल सहन करणारी, शोषणाच्या ताणाने आत चपटी न होणारी असावी. साधी पाण्याची किंवा कूलंटची नळी इथे चालत नाही. ऑइलने ती फुगून मऊ पडते. क्लॅम्प जुने स्प्रिंगचे असतील आणि हाताने फिरवल्यावर सहज फिरत असतील तर तेही बदलावेत. ज्या पंपांत शोषण नळीची धातूची नळकांडी बोल्टने पंपावर बसते, तेथे मध्ये एक लहानशी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, असते. वयाने ती कडक होऊन चपटी होते, आणि पंप बदलताना तीच जुनी रिंग पुन्हा वापरली गेली की सारी मेहनत वाया जाते. तिची किंमत पंपाच्या किमतीपुढे काहीच नाही, म्हणून पंप काढला की ती बदलायचीच, असा नियम ठेवावा.

फट सापडत नसेल तर गाडी सुरू असताना एकेका जोडणीभोवती ग्रीसचा जाड थर लावून पाहावा. ज्या जोडणीवर ग्रीस लावताच आवाज उतरतो, तेथून हवा येते आहे. पुलीमागे पंपाच्या दांड्यावर असलेले सीलही हवा ओढू शकते, पण तेथे फिरत्या पुलीजवळ हात नेऊ नये. सील संशयित असेल तर ते पंप काढूनच तपासावे.

शोषणाच्या वाटेवरची दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे टाकीचा तळ. अनेक टाक्यांच्या तळाशी बारीक जाळी असते, आणि झिजलेल्या पंपाची भुकटी, सीलचे तुकडे, जुन्या ऑइलचा चिकट गाळ हे सारे तिच्यावर बसते. पंप बदलला आणि टाकी तीच ठेवली, तर नवा पंप पहिल्या दिवसापासून अर्धपोटी राहतो. टाकी काढून, ऑइल ओतून टाकून, आतून उजेड सोडल्यावर जाळी आरपार दिसली पाहिजे. उलट बाजूने द्रावण आणि दाबाची हवा सोडून ती कधीकधी साफ होते. होत नसेल आणि जाळी सुटी निघत नसेल, तर टाकी नवी घालावी. जाळी फोडून काढणे हा उपाय नव्हे, कारण मग तोच गाळ थेट पंपाच्या पात्यांत जातो.

नव्या पंपाआधी जुने ऑइल बाहेर काढावे

जुना पंप जागेवर असतानाच हे काम उरकणे सोयीचे. गाडी सपाट जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना अडसर लावावा, पुढची चाके जॅकने उचलून गाडी मजबूत स्टँडवर टेकवावी; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. टाकीकडे परत येणारी नळी टाकीपासून सोडवून तिचे तोंड एका बाटलीत घालावे आणि टाकीचे उघडे पडलेले तोंड टोपणाने बंद करावे. मग इंजिन बंद ठेवून एकाने स्टीअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि दुसऱ्याने टाकीत नवे ऑइल घालत राहावे. बाटलीत येणारे ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवावे. रॅकच्या, म्हणजे चाके वळवणाऱ्या यंत्रणेच्या, नळकांड्यात आणि थंडावा देणाऱ्या वेटोळ्यात पुष्कळ जुने ऑइल अडकलेले असते, आणि नुसती टाकी रिकामी करून ते निघत नाही. चमचमणारे कण भरपूर आले असतील तर परतीच्या नळीत या कामासाठी मिळणारा छोटा गाळणी-फिल्टर बसवणे मला आवश्यक वाटते.

ऑइल कोणते घालायचे ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते आणि त्यात तडजोड करू नये. टोयोटाच्या अनेक गाड्यांत डेक्सरॉन प्रकारचे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअर बॉक्सचे ऑइल, चालते, होंडा आपल्या गाड्यांना स्वतःचेच पॉवर स्टीअरिंग ऑइल सांगते, तर अनेक युरोपीय गाड्यांना हिरव्या रंगाचे हायड्रॉलिक ऑइल लागते. रंगावरून अंदाज बांधून दोन प्रकार मिसळू नयेत. ब्रेक ऑइल तर चुकूनही घालू नये. त्याने पंपातली आणि रॅकमधली सील फुगतात, आणि मग सगळेच बदलावे लागते.

पुली आणि पंप बसवणे

नव्या पंपाबरोबर अनेकदा पुली येत नाही आणि जुनीच काढून घालावी लागते. काही पुल्या नटने बसतात, पण पुष्कळ पुल्या दाबून बसवलेल्या असतात, आणि त्या काढण्याचे व बसवण्याचे अवजार वेगळे असते. पुली काढण्याआधी दांड्याचे टोक आणि पुलीचा मध्यभाग यांच्यातले अंतर मोजून लिहून ठेवावे. पुली हातोडीने ठोकून बसवणे हे नवा पंप पहिल्याच दिवशी मारण्याचे खात्रीचे कारण आहे: तो घाव दांड्यावरून थेट रोटर आणि मागच्या तबकडीपर्यंत पोहोचतो. बसवण्याच्या अवजाराचा आटेदार दांडा पंपाच्या दांड्यातल्या आट्यांत हाताने पूर्ण आत फिरवावा, आणि मगच पाना लावून पुली सावकाश दाबावी. दोन-तीन आट्यांवरच जोर दिला तर ते आटे उखडून येतात. ते अवजार नसेल तर पंप आणि पुली एखाद्या गॅरेजमध्ये नेऊन तेवढे एक काम करून घ्यावे.

पंपाच्या तोंडांवर वाहतुकीसाठी लावलेली प्लास्टिकची टोपणे काढली आहेत ना, हे पाहावे. शोषणाच्या तोंडात खोल बसलेले टोपण नजरेतून सुटू शकते. दाबाच्या नळीची जोडणी पोकळ बोल्टची असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनिअमचे वॉशर नवे घालावेत, आणि ओ-रिंगची असेल तर नव्या रिंगेला त्याच ऑइलचे बोट फिरवून मग बसवावे. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये. येथे गळती आटे थांबवत नाहीत, सील थांबवते, आणि त्या पट्टीचे सुटलेले तंतू स्टीअरिंगच्या झडपेत जाऊन अडकतात.

पंपाचे सगळे बोल्ट आधी हाताने काही आटे आत घ्यावेत, दाबाची नळीही हातानेच लावून घ्यावी, आणि मगच सगळे थोडे थोडे करून आवळावेत. एक बोल्ट पूर्ण कसून मग दुसऱ्याचे भोक जुळवायला गेले की पंप किंचित तिरका बसतो. सगळे बसल्यावर सरळ पट्टी पुलीच्या तोंडावर धरून ती शेजारच्या पुलीलाही सारखी टेकते का ते पाहावे. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने, त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे करावी, कारण ॲल्युमिनिअमच्या भागांतले आटे अंदाजाने आवळताना सहज जातात. दाबाच्या नळीवर किंवा पंपावर विजेची छोटी जोडणी असेल तर ती विसरू नये. तेथे दाबाचा स्विच असतो, आणि तो सुटा राहिला तर गाडी उभी असताना स्टीअरिंग वळवताच इंजिनाचा वेग पडतो.

शोषणाची नळी जोडण्याआधी पंपाच्या तोंडातून ऑइल घालून पुली तिच्या फिरण्याच्या दिशेने हाताने फिरवत राहावी. सुरुवातीला बुडबुडे येतात, मग ऑइल शांत होते. हे काही मिनिटांचे काम आहे, पण कोरडा पंप इंजिनावर फिरला तर पात्यांवर पहिल्या काही सेकंदांतच ओरखडे पडू शकतात.

हवा काढताना घाई नको

टाकी भरून गाडी तशीच थोडा वेळ उभी ठेवावी, म्हणजे ऑइल आपल्या वजनाने नळ्यांत उतरते. पुढची चाके उचललेलीच असावीत. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवावे आणि मधून मधून टाकी पाहावी. पातळी कमीत कमी खुणेच्या खाली गेली की पुन्हा हवा आत जाते आणि श्रम नव्याने सुरू होतात. बुडबुडे येणे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे, तेही रेस न करता. आता पुन्हा काही वेळा स्टीअरिंग फिरवावे, पण टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, कारण तेथे दाब कमाल असतो आणि ऑइल झपाट्याने तापते.

इंजिन सुरू केल्यावर ऑइल फेसाळले तर लगेच इंजिन बंद करावे. फेस आलेला असताना फिरवत राहिल्याने हवा निघत नाही, उलट ती आणखी बारीक बुडबुड्यांत फुटून ऑइलात मिसळते. अर्धा तास, लागलेच तर रात्रभर गाडी उभी ठेवावी. बुडबुडे आपोआप वर येतात. अनेकांचा संयम नेमका येथे सुटतो आणि चांगला पंप खराब ठरवला जातो.

हवा निघाली की नाही हे कानावर सोडू नये, पातळीवरून ठरवावे. इंजिन सुरू असताना टाकीवर पातळीची खूण करावी, इंजिन बंद करावे आणि पुन्हा पाहावे. नळ्यांत हवा दबलेली असेल तर दाब जाताच ती फुगते आणि टाकीतले ऑइल वर चढते. ही चढ पाच मिलिमीटरच्या आत असेल तर चिंता नाही. त्याहून जास्त असेल तर हवा अजून आत आहे. पुढच्या काही दिवसांत हीच चाचणी पुन्हा करावी. आधी शून्याजवळ असलेली चढ परत वाढू लागली तर हवा नव्याने आत येते आहे, आणि मग पंपाकडे न पाहता पुन्हा शोषणाच्या नळीकडे वळावे. याच काळात दाबाच्या नळीची जोडणी इंजिन बंद करून कोरड्या कागदाने पुसून पाहावी; चालत्या इंजिनावर हात फिरवून गळती शोधू नये, कारण त्या दाबाने बारीक छिद्रातून उडालेले ऑइल त्वचेत शिरू शकते. गरम एक्झॉस्टवर ठिबकणारे ऑइल पेटू शकते, म्हणून तशी गळती दिसल्यास गाडी चालवू नये.

तरीही स्टीअरिंग जड राहिले तर

ऑइल स्वच्छ आहे, चढ नाही, पट्टा घट्ट आहे, आणि तरी स्टीअरिंग जड लागत असेल, तर पंप आणि रॅक यांपैकी दोषी कोण हे दाबमापकाने ठरवता येते. ज्याला बंद करण्याची झडप आहे असा दाबमापक पंप आणि रॅक यांच्यामधल्या दाबाच्या नळीत जोडावा, ऑइल कामाच्या तापमानाला आल्यावर इंजिन सुरू असताना ती झडप पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ पूर्ण बंद करावी आणि काटा कुठवर जातो ते पाहावे. पुस्तिकेत दिलेल्या कमाल दाबापर्यंत काटा गेला नाही तर पंप किंवा त्याची दाब सोडणारी झडप दोषी आहे, आणि नवा पंप परत करायला आता तुमच्याकडे आकड्याचा आधार आहे. काटा तेथवर गेला, पण झडप उघडी ठेवून स्टीअरिंग टोकाला धरल्यावर तो तितका चढत नसेल, तर दाब रॅकच्या आत निसटतो आहे. तेथे कितीही पंप बदलले तरी फरक पडणार नाही, रॅकची सील बदलावी लागतील किंवा रॅकच बदलावा लागेल.